छोट्या खाजगी विमानांचे उतरतानाचे अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन प्रकारची माणसं विचारतात. ओळखीतल्या कुणाला विमान चालवायचा परवाना मिळालाय आणि त्याने "चल, एक फेरी मारून येऊ" म्हटलंय, अशी. उड्डाण शिकताना लँडिंगपाशी येऊन अडकलेली. आणि चाक मोडून धावपट्टीवर घसरत गेलेल्या विमानाचा व्हिडिओ पाहून चक्रावलेली. इथे बोलणं आहे ते एका इंजिनाच्या, दोन ते सहा जणांच्या विमानांबद्दल. मोठ्या प्रवासी विमानांचं गणित वेगळं आहे.

उतरतानाच एवढे अपघात का होतात?

हवेत तरंगणाऱ्या यंत्राचा काही सेकंदांत तीन चाकांचा गाडा करायचा असतो म्हणून. या गाड्याला दोन्ही अंगांना पाच-साडेपाच मीटरचे पंख असतात आणि जमिनीवर आल्यावरही त्यांत वारा भरतच असतो. सेसना १७२ घ्या. १९५६ पासून बाजारात असलेलं आणि जगात सर्वाधिक संख्येने बनलेलं हे विमान. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण खाली असताना ते साधारण ४० नॉटला स्टॉल होतं, म्हणजे पंख विमानाला उचलून धरणं सोडून देतात. शेवटच्या टप्प्यात वेग ठेवतात ६० ते ७० नॉट, ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. तीन हजार फुटांवर दहा नॉट इकडेतिकडे झाले तर कुणाला पत्ताही लागत नाही. धावपट्टीच्या पाच फूट वर तेच दहा नॉट कमी पडले तर विमान धपकन बसतं, जास्त झाले तर बसायलाच तयार होत नाही.

आणि खरी चूक बहुधा त्या पाच फुटांवर झालेलीच नसते. ती झालेली असते मिनिटभर आधी, वेग किंवा उंची हाताबाहेर गेली तेव्हा. चाकं टेकताना ती फक्त सगळ्यांना दिसते.

हे अपघात जीवघेणे असतात का?

बहुतेक नसतात. अमेरिकेतली एओपीए ही वैमानिकांची संघटना खाजगी विमानांच्या अपघातांचा आढावा काढते; पूर्वी त्याचं नाव नॉल रिपोर्ट होतं, आता मॅकस्पॅडन रिपोर्ट आहे. वैमानिकाच्या हातून घडणाऱ्या अपघातांत लँडिंगचा गट तिथे वर्षानुवर्षं सगळ्यात मोठा दिसतो. जीवघेण्या अपघातांत मात्र त्याचा वाटा बराच लहान. धावपट्टीवर वेग उतरलेला असतो, समोर मोकळी जागा असते. पत्रा वाकतो, माणसं दार उघडून चालत बाहेर येतात.

माणसं दगावतात ती धावपट्टी गाठायच्या आधी, नाहीतर उतरणं सोडून पुन्हा वर चढताना. कमी उंचीवरचा स्टॉल आणि धावपट्टीच्या अलीकडे असलेल्या तारा किंवा झाडं, ही त्यातली नेहमीची कारणं.

"शेवटच्या वळणावर विमान कोसळलं" असं बातम्यांत येतं. त्या वळणावर असं काय असतं?

उतरण्याआधी विमान धावपट्टीला समांतर, पण उलट दिशेने जातं, साधारण हजार फुटांवर. मग एक काटकोनी वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेकडे येतं आणि दुसऱ्या वळणाने धावपट्टीसमोर उभं राहतं. हे दुसरं वळण साधारण पाचशे फुटांवर होतं.

आता समजा मागून वारा आहे. विमान ढकललं जातं आणि धावपट्टीची रेषा ओलांडून पलीकडे जातं. वैमानिकाला वाटतं, वळण जरा घट्ट करावं. पण जमीन जवळ, म्हणून विमान जास्त कलवायला मन धजत नाही. मग तो पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, दाबून नाक आत ढकलतो. त्याने आतल्या बाजूचा पंख हळू चालतो आणि अजून कलतो, तो कल रोखायला हाताने उलट दिशा दिली जाते. नाक खाली जातं, ते वर आणायला योक, म्हणजे हातातलं सुकाणू, पोटाशी ओढला जातो. प्रत्येक हालचाल त्या क्षणी बरोबर वाटते. सगळ्यांची बेरीज झाली की आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला गिरकी घेऊन पडतं. दोन-तीन हजार फुटांवर यातून बाहेर पडता येतं. पाचशे फुटांवर तेवढी जागाच नसते.

कलण्याचाही हिशेब आहे. उंची न गमावता ४५ अंश कलून वळलं तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना ४० नॉटला स्टॉल होणारं विमान ६० अंशांच्या वळणात ५६ नॉटलाच हात टेकतं. म्हणून बरेच प्रशिक्षक उतरण्याच्या फेरीत ३० अंशांची मर्यादा घालून देतात. रेषा हुकली तर हुकू द्यावी, वर जाऊन पुन्हा फेरी मारावी.

विमान टेकून पुन्हा उसळतं ते का? त्यात चाक कसं मोडतं?

बघणाऱ्याला वाटतं विमान चेंडूसारखं उडालं. टायर आणि स्प्रिंगचा हात त्यात असतोच, पण मोठा वाटा पंखांचा. वेग जास्त असताना चाकं टेकली, त्यातही नाकाचं चाक आधी टेकलं, की नाक वर फेकलं जातं, पंखांचा कोन वाढतो आणि विमान परत हवेत जातं. आता ते हवेत आहे, पण वेग विरत चाललाय. घाबरलेला वैमानिक नाक खाली दाबतो. विमान नाकाच्या चाकावर आणखी जोरात आदळतं, आणखी उंच उडतं. हात विमानाच्या अर्धा ठेका मागे पडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती पुढच्या उसळीत भर घालते. असं तिसऱ्या-चौथ्या वेळेला नाकाचं चाक मोडतं आणि इंजिनाचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागतो. सेसना १८२ सारख्या जड नाकाच्या विमानात चाक शाबूत राहूनही इंजिनामागची फायरवॉल दुमडलेली निघते. जुनं १८२ विकत घेणारा आधी तिथेच टॉर्च मारून बघतो.

मी शिकत असताना एकदा असंच झालं. पहिली उसळी दोन-तीन फुटांची असेल. मी नाक दाबायला गेलो तर योक हलेना. बघतो तर सरांनी आपल्या बाजूने तो एका हाताने धरून ठेवलेला. "काही करू नकोस. नाक आहे तिथे राहू दे. आता पॉवर." इंजिनाचा आवाज चढला आणि आम्ही धावपट्टीवरून तसेच वर निघालो. वर गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "विमान उडत होतं, तुला वाटलं उतरलं." पुढचे दहा लँडिंग मी ते वाक्य मनात घोळवत केले.

उसळी लहान असेल तर नाक स्थिर धरून, थोडी पॉवर देऊन विमान पुन्हा हळू बसवता येतं. मोठी असेल, किंवा दुसरी असेल, तर सरळ वर जायचं. तिसरीची वाट बघायची नाही.

थोडा वेग जास्त ठेवला तर उलट सुरक्षितच नाही का?

हा समज फार चिवट आहे. शेवटच्या टप्प्यातला वेग सहसा स्टॉल वेगाच्या १.३ पट धरतात. वाऱ्याचे झोत असतील तर झोताच्या निम्मे नॉट त्यात मिळवतात. स्थिर वारा १० आणि झोत १८ चे असतील, तर फरक ८, म्हणून ४ नॉट जास्त. एवढं पुरतं. पण कुणी स्वतःसाठी पाच वाढवतो, सोबत बायको-मुलं आहेत म्हणून अजून पाच, आणि विमान उतरायचं नावच घेत नाही.

जमिनीपासून पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आलं की हवेचा एक प्रकारचा अवरोध घटतो आणि विमान गादीवर असल्यासारखं तरंगत राहतं. धावपट्टी मात्र खालून सरकतच असते. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: टेकताना वेग १० टक्के जास्त, तर थांबायला लागणारं अंतर सुमारे २१ टक्के जास्त. मागून येणारा वाराही हेच करतो. आखूड धावपट्टीच्या पलीकडच्या कुंपणात अडकलेल्या विमानांची गोष्ट बहुधा "पाच नॉट असू देत" इथूनच सुरू झालेली असते.

आडवा वारा किती चालतो?

विमानाच्या पुस्तिकेत एक आकडा असतो. सेसना १७२ साठी तो १५ नॉट. पण ही यंत्राची कमाल मर्यादा नव्हे. चाचणीच्या वेळी कसलेल्या वैमानिकाने तेवढ्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. नवख्याची मर्यादा सात-आठ नॉटही असू शकते, आणि ती त्याने घरून निघतानाच ठरवलेली बरी.

हिशेब तोंडी करता येतो. वारा धावपट्टीला ३० अंशांनी तिरका असेल तर त्याचा निम्मा भाग आडवा धरायचा, ४५ ला सत्तर टक्के, ६० च्या पुढे जवळजवळ सगळाच. उतरताना वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरून विरुद्ध रडरने नाक रेषेत ठेवायचं आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं. टेकल्यावर लोक सुस्कारा सोडून हात ढिले करतात. ते करू नये. वेग उतरतो तशी हाताची दिशा वाऱ्याकडे वाढवत न्यायची, कारण पंखाखाली वारा शिरायची खरी वेळ तीच.

शेपटीला चाक असलेली जुनी विमानं जास्त धोक्याची का समजतात?

त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. बाजारातली ट्रॉली उलटी ढकलून पाहा: जरा वाकडी झाली की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि ती गर्रकन फिरते. विमानाने असं केलं की त्याला ग्राउंड लूप म्हणतात. पंखाचं टोक घासतं, कधी चाकाचा पायच दुमडतो. अशा विमानात इंजिन बंद होईपर्यंत पाय रडरवर जिवंत ठेवावे लागतात.

चाकं उघडायला माणूस विसरतोच कसा?

ज्यांनी कधी ते विमान चालवलं नाही त्यांना हे अशक्य वाटतं. चाकं आत घेता येणाऱ्या विमानात चाकं खाली आल्याचे हिरवे दिवे असतात, पॉवर कमी केली की भोंगा वाजतो, चेकलिस्टवर लिहिलेलं असतं. तरीही विमानं पोटावर उतरतात.

कारण जवळपास नेहमी लक्ष दुसरीकडे जाणं. चाकं खाली घ्यायच्या नेहमीच्या जागी नेमका विमानतळाचा कंट्रोल टॉवर सांगतो, "पुढे एक विमान आहे, दिसतंय का?" वैमानिक आकाश धुंडाळतो, ते विमान सापडतं, तोवर ती जागा निघून गेलेली असते. हात पुढच्या कामाला लागतात. भोंगा वाजतो, पण तो स्टॉलचा असेल असं मेंदू स्वतःलाच समजावतो. भोंग्याच्या आवाजात टॉवरचं "चाकं खाली नाहीत" ऐकूच आलं नाही, असा एक जुना विनोद या लोकांत चालतो. तो विनोद कमी आणि पंचनामा जास्त आहे.

यावर 'गम्प्स' नावाची तोंडी उजळणी आहे: गॅस (इंधन), अंडरकॅरेज (चाकं), मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण), प्रॉप (पंखा), सीटबेल्ट. ती एकदा नाही, प्रत्येक वळणावर म्हणायची. आणि न हलणारी चाकं असलेल्या विमानातही म्हणायची, म्हणजे सवय मोडत नाही.

उलटी चूकही होते. उतरल्यावर धावपट्टीवरच फ्लॅप वर घ्यायला हात जातो आणि खटका ओढला जातो चाकांचा. जुन्या बीचक्राफ्ट बोनान्झांत हे दोन खटके इतर विमानांच्या मानाने अदलाबदल केलेल्या जागी होते. दुसऱ्या विमानावरून आलेल्याचा हात तिथे सहज फसे. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणाऱ्या विमानाचं तर सगळंच उलटं: पाण्यावर चाकं खाली राहिली तर ती पाण्यात रुततात आणि विमान पालथं होतं. धावपट्टीवर पोटावर उतरलेल्याला बहुधा खरचटतही नाही. पाण्यावरची चूक जीव घेऊ शकते.

उतरणं जमत नसेल तर वर जाता येतं. मग लोक का जात नाहीत?

माझ्या मते सगळ्या पानातला मुद्द्याचा प्रश्न हाच. वर जाण्याला गो-अराउंड म्हणतात आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच शिकवतात. पण धावपट्टी समोर दिसत असताना ती सोडणं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास टाकून देणं. शेजारी पाहुणा बसलाय, मागे दुसरं विमान ताटकळलंय, क्लबातली मंडळी चहाचा कप घेऊन बघत उभी आहेत. उतरणं बिघडलंय हे कळतं, पण "बसेल आता" असं वाटत राहतं.

एक उपाय म्हणजे निर्णय आधीच घेऊन ठेवणं. तीनशे फुटांवर वेग ठरल्यापेक्षा पाच नॉटांहून जास्त ढळलेला असेल, नाक रेषेत नसेल, किंवा धावपट्टीच्या पहिल्या तृतीयांशात टेकणार नसू, तर वर. तिथे वाद घालायचा नाही.

पण गो-अराउंडही फुकट मिळत नाही, आणि त्यात माणसं मरतात हे लपवण्यात अर्थ नाही. उतरण्यासाठी विमानाचा तोल, म्हणजे ट्रिम, नाक वर धरेल असा लावलेला असतो. पूर्ण पॉवर दिली की नाक एकदम उसळतं आणि डावीकडे ओढतं. ते जोर लावून खाली धरावं लागतं, उजवा रडर द्यावा लागतो. फ्लॅप एका झटक्यात वर घेतले तर विमान बसकण मारतं, म्हणून ते टप्प्याटप्प्याने घ्यायचे. आधी पॉवर, मग नाक, मग फ्लॅप, आणि रेडिओ सगळ्यात शेवटी. वर्षभर सराव न केलेल्या माणसाला हे पन्नास फुटांवर अचानक आठवणार नाही. म्हणून चांगल्या हवेच्या दिवशीही मुद्दाम दोन-तीन गो-अराउंड करून ठेवावेत.

रात्री किंवा अनोळखी ठिकाणी डोळे फसवतात म्हणजे काय?

नेहमीपेक्षा अरुंद धावपट्टी दिसली की आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि वैमानिक गरजेपेक्षा खाली येतो. चढणीची धावपट्टीही हेच करते. रुंद धावपट्टीवर उलट: जमीन जवळ आल्यासारखी वाटते, नाक लवकर उचललं जातं आणि विमान वरूनच खाली पडतं. काळोख्या भूभागापलीकडे नुसत्या धावपट्टीचे दिवे दिसत असतील, तर उंचीचा अंदाजच राहत नाही.

धावपट्टीच्या कडेला पापीचे, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणारे, चार दिवे असतील तर डोळ्यांपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवावा. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. चारही लाल म्हणजे तुम्ही फार खाली आहात. दिवे नसतील तर साधा गुणाकार: जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणा. ६५ नॉटला मिनिटाला सुमारे ३२५ फूट, हा तीन अंशांचा उतार.

ओल्या धावपट्टीचं काय?

टायर पाण्यावर तरंगला की ब्रेकचा उपयोग नसतो. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढून नऊने गुणायचं: ३६ पीएसआयला ५४ नॉट. त्याच्या वर ही भीती असते, आणि छोटी विमानं तिथेच टेकतात. ओलं गवत त्याहून वाईट.

इंजिनच बंद पडलं आणि शेतात किंवा रस्त्यावर उतरावं लागलं तर?

तेव्हा विमान वाचवायचा विचार सोडायचा. शरीर थांबतं ते किती अंतरात, यावर सगळं आहे. ९ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, धक्का धरला तर ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला तीन मीटर पुरतात. ताशी १६० वरून साडेअकरा. म्हणून वाऱ्यासमोर, जमेल तितक्या कमी वेगाने, पण स्टॉल न होऊ देता टेकायचं. पंख झुडपांत मोडले तर मोडू देत, तेवढा धक्का ते खातात. टेकण्याआधी इंधन बंद, वीज बंद आणि दार किंचित उघडं, म्हणजे चौकट वाकली तरी अडकत नाही.

आणि खांद्याचा पट्टा. अभिनेता हॅरिसन फोर्डने मार्च २०१५ मध्ये सांता मोनिकाजवळ इंजिन बंद पडल्यावर आपलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विमान गोल्फच्या मैदानावर उतरवलं. कार्ब्युरेटरमधला एक जेट सैल झाला होता. तपासात असंही निघालं की खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे दुखापत वाढली. अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांना पुढच्या आसनांवर हा पट्टा सक्तीचा आहे. त्याआधीची कितीतरी विमानं अजून उडतात. बसण्याआधी बघून घ्या. (याच फोर्डने फेब्रुवारी २०१७ मध्ये जॉन वेन विमानतळावर धावपट्टी सोडून शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं जमिनीवरून ये-जा करतात त्या वाटेवर, विमान उतरवलं. अनुभव असला तरी डोळे फसतात.)

विमानाला पॅराशूट असतं असं ऐकलं. मग भीती कशाची?

सिरससारख्या विमानांना अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूट असतं आणि त्याने जीव वाचलेत. पण ते उघडायला काही शे फूट लागतात. धावपट्टीवरच्या उसळीत त्याचा काही उपयोग नाही.

पंखा नुसता घासला तर लगेच दुरुस्त होतो ना?

पंख्याचं टोक बोटभर वाकलेलं दिसतं, पण तो फिरता असताना आपटला असेल तर धक्का थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टला बसतो. म्हणून इंजिन उतरवून, उघडून तपासावं लागतं. जुन्या विमानाच्या बाबतीत हा खर्च कित्येकदा विमानाच्या किमतीच्या जवळ जातो आणि विमा कंपनी ते भंगारात काढते. गंमत अशी की नुकसान फक्त पंख्यापुरतं किंवा चाकांपुरतं असेल आणि कुणाला इजा झाली नसेल, तर अमेरिकेच्या नियमांत त्याला 'अपघात' म्हणतच नाहीत. त्यामुळे अधिकृत आकड्यांत दिसतात त्याहून फसलेली लँडिंग बरीच जास्त असतात.

परवाना आहे म्हणजे सराव आहे असं धरावं का?

नाही. अमेरिकेत आणि युरोपात प्रवासी न्यायचे तर आधीच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात. हा किमान आकडा आहे. तीन लँडिंग शांत हवेत एकाच धावपट्टीवर केलेली असू शकतात.

मी फक्त प्रवासी आहे. मी काय करू शकतो?

निघण्याआधी दार आतून कसं उघडतं ते स्वतः एकदा उघडून पाहा. सीट खाचेत बसलीय का, ते ढकलून बघा. पुढे बसलात तर पाय रडरच्या पेडलांपासून लांब ठेवा. तुमच्या बुटाने अडलेलं पेडल वैमानिकाला ऐन वेळी कळतं. उतरण्याच्या फेरीत गप्पा बंद. फोटो काढायला हरकत नाही, पण "अरे, ते बघ" नको. दुसरं विमान दिसलं तर मात्र लगेच सांगा.

आणि निघतानाच त्याला म्हणून ठेवा, "तुला वाटलं तर परत फेरी मार, मला घाई नाही." त्याच्या खांद्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरतं.

उतरून थांबल्यावर पंखा पूर्ण थांबेपर्यंत आत बसा. बाहेर पडल्यावर चालायचं ते शेपटीकडे.